शेवयाच्या मशीनवरची चादर

माझं तोंड फाटकं आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण या उन्हाळ्यात आमच्या दारात जे झालं, त्यावर तोंड टाकायला मला दुसरं कोणी सापडलंच नाही. लाज वाटते, बस.

अमरावतीत घरपट्टी बदलणार, अशी हवा उठली होती. मालक स्वतः राहतो त्या लहान घरांना पट्टी माफ होणार, पण घरात धंदा असेल तर माफी नाहीच, वर दुकानाच्या दरानं पट्टी लागणार, असं जो तो सांगत होता. नक्की वाचलं कोणी होतं, देव जाणे. मी मात्र धसका घेतला, कारण आमच्या समोरच्या खोलीत ताईंची शेवयाची मशीन.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. अकोल्याला दिलेली. नवरा गेल्यावर दिराच्या घरात तिचं निभेना, तेव्हा सासऱ्यांनी स्वतः जाऊन तिला आणलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "समोरची खोली पोरीची." तोंडीच म्हणाले, कागद काही केला नाही, आणि पुढे गेलेही. त्या खोलीत ताईंनी मशीन टाकली. होळी झाली की बाया पीठ भिजवून डबे घेऊन येतात, ताई शेवया पाडून देतात. उन्हाळाभर ओसरीत बायांचा नुसता कलकलाट. मला कटकट वाटायची, खोटं कशाला बोलू?

घरपट्टीचा मोजणीवाला गल्लीत शिरला तशी नवऱ्यानं फाटकावरची शेवयांची पाटी काढली. मी मशीनवर चादर टाकली, वर दोन उशा रचल्या.

"काहून झाकून राहिली वं?" ताईंनी विचारलं.

"जरासक वेळ, ताई. तो गेला की काढतो."

त्या खाटेवर जाऊन बसल्या.

पोरगेलासा माणूस होता, हातात मोबाइल. घराचे फोटो काढले, भिंती मोजल्या. समोरच्या खोलीत कोण राहतं म्हणाला. माझं उत्तर तयार होतं, पाहुण्यांची खोली आहे. मग त्यानं ताईंकडे पाहिलं.

"अन् ह्या कोण?"

"पाहुण्याच आहेत. अकोल्याच्या."

जीभ जराही अडखळली नाही माझी. ताईंनी मान वर केली नाही. पदराचा काठ चिमटीत धरून बसून राहिल्या.

तेवढ्यात फाटकातून एक बाई डबा घेऊन आलीच. "आत्या, मशीन चालू हाये न?"

नवरा लगबगीनं दारातल्या कडुनिंबाकडे पाहू लागला. ताई उठून दारात गेल्या. "मशीन बंद हाये, बाई. अन् मले नोको विचारू. मी पाहुणी हाओ इथं."

ती बाई हसली. ताईंची चेष्टा तिला सवयीची. मग तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं आणि डबा घेऊन ती गुपचूप परत फिरली.

मोजणीवाल्याला चादरीखालून मशीनचे पाय केव्हाच दिसले होते. "काकू, लपवता कायले?" तो म्हणाला. "घरातल्या घरात लहान धंदा असन तर त्यालेबी सूट द्याचा विचार चालू हाये. त्याच्याचसाठी तं विचारून राहिलो. पक्कं अजून काहीच नाई. धंदा कोणाचा लिहू, सांगा."

आता तरी सांगायचं. एवढंसं तर सांगायचं होतं. पण कडुनिंबाकडे पाहणारा माझा नवरा चटकन वळून म्हणाला, "माह्याच नावानं लिहा."

ताईंनी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एरवी शेजारणीच्या कोंबडीवरून गल्ली डोक्यावर घेणारी मी, गप्प उभी राहिले. सूट मिळाली तर तिचा फायदा आपल्याच घरात राहील, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला. त्या विचाराची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कापडी पिशवी भरून ओसरीत उभ्या. "अकोल्याले जातो," म्हणाल्या. कोणाकडे, ते मी विचारलं नाही. दिराशिवाय तिथं होतं कोण त्यांचं? नवरा आत दाढी करत होता. पाण्याचा आवाज येत होता, तो मात्र बाहेर आला नाही.

आमच्याकडे पाहुणा निघाला की यजमानणीनं त्याची पिशवी ओढायची, राहा म्हणायचं, त्यानं नको म्हणत ओढायची, अशी दारात बराच वेळ ओढाताण चालते. मी धावत गेले, ताईंच्या हातातली पिशवी हिसकली, आणि तोंडातून जे वर्षानुवर्षं निघत आलंय तेच निघालं, "राहा न ताई, अजून दोन रोज."

ताई थांबल्या.

"दोन रोज," त्या म्हणाल्या. "अन् मंग?"

खरंच विचारत होत्या. उत्तरासाठी थांबल्याही. खोली तुमची आहे, मशीन तुमची आहे, हे सगळं माझ्या घशाशी आलं होतं. पण ते नुसतं ताईंना सांगून भागणार नव्हतं, आत जाऊन नवऱ्यालाही सांगावं लागलं असतं.

ताईंनी पिशवीला हात घातला. त्यांना ती ओढावी लागली नाही.