पिवळ्या खोक्यातलं दुसरं मशीन

ती केस आठवली की आजही आधी एक पिवळा खोका डोळ्यापुढं येतो. तेव्हा माझ्या रिटायरमेंटला वर्षभर राहिलं होतं. कानडी मुलखातल्या शहरात, राजाजीनगरच्या बाजूला एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. शाळा माझी सीमेवरच्या लहान गावातली, मराठी. तिथं हेडमास्तरांची नक्कल करून मी छड्या खाल्ल्या, पुढं खात्यात साहेबांची करून फुकट चहा प्यायलो. या केसमध्ये मात्र ती नक्कल खरोखर कामाला आली.

सकाळी दहाला एका बांधकाम कंपनीचा नवा मॅनेजर लॅपटॉप घेऊन आला. पुण्याचा होता, म्हणून थेट मराठीतच सुरू झाला. कंपनीकडे जमीन मोजायची दोन मशीन. राजाजीनगर आणि हेब्बाळच्या साइट ती आळीपाळीनं वापरतात, बुकिंग सॉफ्टवेअरवर होतं. स्टोअरमध्ये एकच सापडलं. दुसरं स्क्रीनवर ‘बाहेर’, तेही स्टोअरकीपरच्या नावावर.

“सर, एकदम क्लिअर केस आहे. संध्याकाळपर्यंत एफआयआर करून त्याला आत घ्या.”

“सगळं क्लिअर असेल तर मी घरी जाऊ काय?”

स्टोअरकीपर बाकावर बसलेले. इथल्या जुन्या मराठी घरातले, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. बावीस वर्षं स्टोअरची किल्ली त्यांच्या कमरेला. सकाळीच मॅनेजरनं ती काढून घेतलेली. चोर ठाण्यात आला की दाराकडं बघतो. अण्णा सारखे कमरेला हात लावून बघत होते.

“अण्णा, दुसरं मशीन कुठाय?”

“साइटवर असंल की साहेब. एक स्टोअरला येतं, एक बाहेर असतं.”

“दोन्ही एका वेळी कधी बघितलं?”

ते विचारात पडले. “नाही की ओ.”

“मग दोन नंबर दिलं म्हणून बटण कोण दाबलं?”

“मीच. स्क्रीनवर येतं ते दाबतो. सांजच्याला एक खोका आला की ‘परत आलं’ एकदाच दाबतो.”

“बघा सर, कबूल झाला!” मॅनेजर उडालाच.

“झाले म्हणा. तुमच्या वडिलांच्या वयाचे आहेत.”

हेब्बाळच्या इंजिनिअरला जबाबाला बोलावलं. नाकात बोलायचा आणि प्रत्येक वाक्याला ‘अर्जंट’ लावायचा. त्याला विचारलं, तुमच्याकडं मशीन येतं त्याचा खोका कसला? पिवळा, डावी कडी तुटलेली, हिरव्या दोरीनं बांधलेला. राजाजीनगरला फोन लावला. पिवळा, कडी तुटलेली, हिरवी दोरी. स्टोअरमधनं खोका मागवला. तोच पिवळा, तीच कडी, तीच दोरी.

बुकिंग करणाऱ्या अक्का व्हाइटफील्डच्या ऑफिसात बसायच्या. चोरीचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. मी इंजिनिअरचा फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि आवाज नाकात चढवला.

“अक्का, उद्या हेब्बाळला मशीन पाहिजे. अर्जंट!”

“उद्या राजाजीनगरचं आहे रे.”

“स्वल्प ॲडजस्ट करा की. अर्जंट आहे!”

“सरी सरी, बरं, ओरडू नको. नेहमीसारखं दोन नंबरवर टाकते. एक वाजता तिकडचं झालं की गाडी तुझ्याकडं.”

इंजिनिअर तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत राहिला. मी माझ्या आवाजात आलो. “अक्का, पोलीस ठाण्यातनं बोलतोय. दोन नंबरचं मशीन कुठाय?”



“नाहीच ते साहेब. मशीन एकच आहे. सॉफ्टवेअर अख्ख्या दिवसाचंच बुकिंग घेतं, त्याच दिवशी दुसरं बुकिंग टाकलं की घेत नाही, लाल होतं. साइटला अर्धा दिवस पुरतो. म्हणून मीच यादीत दुसरं मशीन घातलं. आजवर कुणाचं काम अडलं नाही.” थोडा अभिमान होता आवाजात. “का साहेब, काय झालं?”

“अण्णा इथं ठाण्यात बसलेत.”

“अय्यो! अण्णा?”

मॅनेजरनं कागद तपासले. दोन नंबरचं ना बिल, ना सिरीयल नंबर. अर्ध्या दिवसाच्या बुकिंगची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये होती, कुणी चालू केली नव्हती. त्यानं तिथंच बसून ती केली आणि दुसरं मशीन यादीतनं उडवलं.

हसण्यासारखी केस. पण सकाळी स्टेशन डायरीत ‘दोनपैकी एक मशीन गहाळ’ असं मीच लिहून घेतलं होतं, एकही प्रश्न न विचारता. इतकी वर्षं मी विचारत आलो, वस्तू कुणी नेली? ती होती का, हे आधी विचारायचं, हे त्या दिवशी कळलं.

अण्णा उठले. “साहेब, स्क्रीनवरनं मशीन गेलं. माझ्यावर आलेलं चोरीचं नाव पण असंच जातंय काय?”

मॅनेजरनं खाली मान घालून किल्ली टेबलावर ठेवली. अण्णांनी ती उचलली नाही.

“टेबलावर नको,” मी म्हणालो. “स्टोअरमध्ये जा. तिथं सगळ्यांसमोर काढून घेतलीत ना? सगळ्यांसमोरच हातात द्या.”

मीही जीप काढून मागोमाग गेलो. द्यायला लावली.