बदललेली पाकिटं

कारगिलच्या युद्धाच्या त्या उन्हाळ्यात माझं देवावरून मन उडालं होतं. हे लिहायला संकोच वाटतो, पण इथूनच सुरुवात करायला हवी. माझे पती लष्करात डॉक्टर होते आणि लडाखच्या बाजूला एका लष्करी इस्पितळात त्यांची नेमणूक होती. मी धुळ्यात शाळेत शिकवत होते, घरी सासूबाई आणि मी अशा दोघीच. लग्नानंतर दर शुक्रवारी एकवीरेच्या देवळात जाण्याचा माझा नेम कधी चुकला नव्हता. त्या जूनमध्ये तो चुकला. तीन आठवडे त्यांचं पत्र नव्हतं, फोन लागत नव्हता, आणि टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसत होत्या. देवळात जाऊन मागायचं तरी काय, असं मनात यायचं. ज्या बायकांचे नवरे त्या पेट्यांतून आले, त्यांनी काय मागितलं नव्हतं?

चौथ्या आठवड्यात पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर माझं नाव, त्यांचंच अक्षर. मी उभ्या उभ्याच ते फोडलं. आत चार पानं होती, आणि पहिल्या पानावर 'आदरणीय मातोश्री' असं लिहिलं होतं. आधी वाटलं सासूबाईंना लिहिलंय. पण त्याच्या वरती एका बाईचं नाव होतं आणि खाली साक्री तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता. कामाच्या पत्रात असा पत्ता आतही लिहायची त्यांची सवय होती. त्यांनी दोन पत्रं लिहिली असावीत आणि घाईत पाकिटं बदलली असावीत, हे ध्यानात यायला मला वेळ लागला नाही.

पत्र एका जखमी जवानाच्या आईला होतं. त्यांनी फार सोप्या भाषेत लिहिलं होतं. तुमच्या मुलाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, मीच कापला. दुसरा मार्ग आहे का हे मी दोनदा तपासून पाहिलं. त्याच्या जिवाला आता धोका नाही. पण तो कोणाशी बोलत नाही, ताट समोर ठेवलं तर तोंड फिरवतो. आईला कसं सांगू, एवढंच एकदा म्हणाला. म्हणून त्याच्या वतीने मी सांगतो आहे. तुमचं पत्र लवकर आलं तर माझ्या औषधांपेक्षा त्याचा उपयोग होईल.

हे वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मला राग आला. एका अनोळखी बाईला चार पानं, आणि मला तीन आठवड्यांत एक ओळ नाही. माझं पत्र तिच्या घरी जाऊन पडलं असेल, कोणीतरी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं असेल, या विचाराने तर अंगाची आग झाली. ते पत्र मी पूर्ण एक दिवस उशाखाली ठेवलं. शाळेत गेले, शिकवलं, परत आले. संध्याकाळी सासूबाईंनी विचारून विचारून माझ्याकडून सगळं काढून घेतलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "त्या बाईचा मुलगा तिकडे जेवत नाहीये, आणि तू पत्र उशाखाली घेऊन बसलीस?"

पोस्टात टाकलं असतं तर आणखी दिवस गेले असते. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी साक्रीची एसटी पकडली. पावसाची भुरभुर सुरू होती. वाटभर मी तालीम करत होते, पाय कापला हे आईला कोणत्या शब्दांत सांगायचं. एकही शब्द धड वाटत नव्हता. साक्रीला उतरले तर कंट्रोलरने सांगितलं, "त्या गावाची गाडी बंद आहे बाई. फरशी पुलावर पाणी आहे, आज काही जात नाही." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी आले होते, माझ्या हातात नव्हतं, आता पत्र इथल्याच पोस्टात टाकावं आणि परतीची गाडी धरावी, असं मी ठरवून टाकलं. परतीची एसटी फलाटाला लागलीही होती.

आठवडी बाजाराचा दिवस होता. स्टँडच्या पत्र्याखाली रानभाज्यांची टोपली घेऊन एक साठीची बाई बसली होती. मी जवळून जाताना तिने मला नीट निरखलं आणि अहिराणीत हाक मारली. "बाई, तुले वाचता येस का? हाऊ कागद धुयानी एक डाक्टरीनबाईना शे. तिना पत्ता कोठे लागी?"

तिने पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत पाकीट होतं. पाकिटावरचं अक्षर मी दहा पावलांवरून ओळखलं असतं.

पाकिटावरचं नाव मी वाचलं, माझ्याजवळच्या पत्रातलं नाव तेच होतं. मग मी माझं नाव सांगितलं, आणि माझ्या पर्समधलं पत्र तिच्यासमोर धरलं. तिला ते उमगलं तेव्हा तिने टोपली बाजूला सारली आणि मला शेजारी बसायला जागा केली. सगळे तिला अक्का म्हणतात, असं तिने सांगितलं. फरशीवर पाणी चढायच्या आत, पहाटेच ती बाजाराला निघाली होती. पाकीट तिच्याकडे दहा दिवसांपूर्वीच आलं होतं, युद्धाच्या दिवसांत डाकेचा काही नेम नव्हता; मागच्या बाजारीही शिकल्यासवरल्या दिसणाऱ्या माणसांना ती हेच विचारत फिरली होती.

"तुम्ही वाचलं का ते?" मी विचारलं. माझ्या आवाजात अजून थोडी धार होती.

"मास्तरनी पाकिटवरनं डाक्टरनं नाव वाचं, मंग पहिली वळ. तिमा धुयानं नाव व्हतं. नवरा-बायकोनं बोलनं शे ते. मंग मीच म्हनं, घडी घाली ठेवा."

"पण अक्का, तुमच्या मुलाची बातमी त्यात असती तर?"

"व्हती ते व्हती. त्यानाकरता लोकेस्ना घरमा डोकावानं का?"

फौजेतून आलेलं डॉक्टरचं पत्र हातात, मुलाचं काय झालं ते माहीत नाही, आणि तरी या बाईने दहा दिवस दुसऱ्याचं पत्र पुढे वाचून घेतलं नव्हतं. मी तिचं उशाखाली ठेवलं होतं.

मग मी तिला तिचं पत्र वाचून दाखवलं. तालीम केलेले शब्द आठवलेच नाहीत. त्यांनी लिहिलं होतं तसंच वाचत गेले. पायाचं वाक्य आलं तेव्हा अक्कांनी माझं मनगट धरलं. मग विचारलं, "कोठपावत काप्या?"

"गुडघ्याच्या खाली."

"मंग गुडघा शे," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर रडल्या.

परतीची एसटी निघून गेली. मी शेजारच्या दुकानातून आंतर्देशीय पत्र आणलं आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहायला बसले. अक्का सांगत होत्या. सुरुवातीला मी त्यांचं बोलणं शाळेतल्या मराठीत बसवायला लागले, मग थांबले आणि कानावर येईल तसंच उतरवलं. "लिख, घर बठ्ठा बरा शेतस. गाय व्यायनी, पाडी झायी. पाय गया ते जाऊ दे, तू शे ना. तू जेवन कर. तू जेवशी तवय मी जेवसू." एवढंच. खाली त्यांनी शाईचा अंगठा उठवला. डाक निघायच्या आत आम्ही दोघी पोस्टात पोचलो.

माझं पत्र मी धुळ्याच्या गाडीत बसल्यावर उघडलं. एकच पान होतं. 'रोज संध्याकाळी पत्रं लिहायला बसतो. आधी या मुलांच्या घरी लिहितो, कारण ती थांबू शकत नाहीत. तुझं शेवटी ठेवतो, आणि तोवर पेन हातात धरवत नाही. तू समजून घेशील, असं धरून चाललो आहे. आता देवाकडे काय मागावं हेही मला सुचत नाही. तू मागतेस ना, तेवढ्यावर माझं चाललं आहे.' मी खिडकीकडे तोंड केलं. त्या शुक्रवारी मी देवळात गेले. काही मागितलं नाही. नुसती बसून राहिले, आणि बऱ्याच दिवसांनी मला तिथे बसवलं.

ऑगस्टमध्ये त्यांचं पत्र आलं. अक्कांचं पत्र त्या मुलाला त्यांनीच वाचून दाखवलं होतं. पाडी झाल्याचं ऐकून तो पहिल्यांदा बोलला. पाडीचा रंग कोणता, असं विचारलं त्याने, आणि थोड्या वेळाने चहा मागितला. पुढे तो नकली पायावर चालत घरी आला. आज साक्रीत त्याची पिठाची गिरणी आहे, दोन मुली शिकताहेत. माझे पती निवृत्त होऊन धुळ्यातच दवाखाना चालवतात. पाकिटं कशी बदलली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. इतक्या वर्षांत दुसरं पत्र त्यांनी चुकीच्या पाकिटात घातलं नाही. लोक याला योगायोग म्हणतात. मी वाद घालत नाही.

पुढच्या श्रावणात अक्कांनी आम्हाला कानबाई देवीच्या सणाला बोलावलं. आमच्या खान्देशात कानबाईच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनीच खायचे असतात, परक्याला देत नाहीत. म्हणून अक्का रोट वाढायला लागल्या तशी मी पाट सोडून उठू लागले. अक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि पहिला रोट माझ्या ताटात वाढला.

अक्का आता नाहीत. एकवीरा आईसमोर उभी राहिले की मला आजही मागणं सुचत नाही, आणि त्याचं दुःखही वाटत नाही. साक्रीच्या स्टँडवर माझ्या हातात जेवढं होतं, तेवढं करून मी परत फिरायचं ठरवलं होतं. तिथून पुढचं मी केलेलं नाही. ते मला मिळालं.