मागून झील धरणारे

"तुमी व्हा म्होरं, आमी हाय की मागं," असं म्हणत ते चपला काढून स्टेजवर चढायचे आणि उजवा तळवा कानामागे धरायचे. आमच्या सेक्टरच्या कलामहोत्सवात पोवाडा गायचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. हे त्यांच्या मागे उभे राहून 'जी जी रं जी' अशी झील धरायचे. दिवसभर वाशीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या या माणसाचा आवाज माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा.

तुमच्याही वस्तीत असा एखादा असेल. त्याचं नाव पत्रिकेत छापलेलं नसतं, पण त्याच्यावाचून कार्यक्रम रंगत नाही. सवय इतकी मुरलेली, की एकदा प्रमुख पाहुण्यांच्या लांबलेल्या भाषणालाही यांनी झील दिली. मंडप हसला आणि पाहुण्यांनी आवरतं घेतलं. आम्ही मनातल्या मनात हात जोडले.

मग लॉकडाऊनच्या वर्षी महोत्सव ऑनलाइन घ्यायचं ठरलं. कार्यवाह मी. गुरुजी त्यांच्या घरून गाणार होते. झिलेचं काय, हा विचार मी केलाच नव्हता. यांचाच फोन आला. "सायेब, झील न्हाई तर पवाडा कसला? गुर्जींचा दम तुटंल." मी लिंक पाठवून दिली.

रविवारी संध्याकाळी ते घरातल्या लोखंडी कपाटासमोर फेटा बांधून उभे होते. गुरुजींनी पहिली ओळ उचलली आणि यांची झील उशिरा पोचली, दुसऱ्या ओळीच्या मधेच. गुरुजी अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. अख्खा सेक्टर बघत होता. मी घाबरलो आणि यांचा आवाज बंद केला.

त्यांना ते कळलंच नाही. पोवाडा संपेपर्यंत ते गळ्याच्या शिरा फुगवून झील देत राहिले. नंतर रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकताना सुरुवातीची ती अडखळ मी कापूनही टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आवाज पोचला न्हवं?"

"पोचला," मी म्हणालो.

"मला वाटलंच. गुर्जी नंतर कसं रंगात आलं."

त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

बाजार चालूच होता, कांदा सगळ्यांनाच लागत होता. ते रोज कामावर जात राहिले. पुढच्या उन्हाळ्यात ताप आला आणि आठवड्याभरात ते गेले. शेवटचं बघायलाही आम्हाला कुणाला जाता आलं नाही.

परवा त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. घरात फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. "तुमच्या त्या कारेक्रमात हाय म्हनं ह्यांचा आवाज. नातीला ऐकवायचाय."

खरं सांगायचं धाडस झालं नाही. मी रेकॉर्डिंग लावलं. त्या पुढे सरकून बसल्या. चौकोनात ह्यांचे ओठ हलत होते.

"जरा मोठा करा की," त्या म्हणाल्या.

मी आवाज होता तेवढा वाढवला. गुरुजी फार सुंदर गात होते.