लेकीचं उणं

गावानं अंजना मोहितेला आजवर बरीच नावं ठेवली होती. घुमी, शिष्ट, तुसडी, मानी. ती सगळी तिनं गपगुमान ऐकून घेतली, कारण शिष्ट बाईच्या हातची उसाची रोपं विकत घ्यायला कुणाची हरकत नसते. वेड्या बाईच्या हातची घ्यायला असते. आणि गेल्या पावसाळ्यात तिच्या सख्ख्या दिरानं ते नाव तिला चिकटवलं.

पाटणच्या खाली कोयनेकाठाला तिची रोपवाटिका आहे. हिरव्या शेडनेटखाली ट्रे मांडलेले, ट्रेच्या एकेका कप्प्यात नारळाचा भुसा आणि उसाच्या कांडीचा एकेक डोळा. नवरा जोतीराम फौजेत, सुट्टीवर येईल तेवढाच घरचा. सासू-सासरे राहिले नाहीत. पडीक तुकड्यावर हा धंदा तिनं एकटीनं उभा केला. डोळा फुटतो कधी, रोप शेतात लागणीला येतं कधी, यात तिची चूक कधी झाली नाही. अडचण होती ती माणसांची.

आमच्या भागात रोपं घ्यायला आलेला माणूस नुसती रोपं घ्यायला आलेला नसतो. आधी चहा, मग पाऊसपाणी, मग साखर कारखान्याचं राजकारण, मग तुमचं माहेर कुठलं आणि आमचे पावणे तिकडचेच, आणि ट्रॅक्टरला चावी लावता लावता खरं काम. अंजना पहिल्याच वाक्याला विचारायची, "कुठलं वाण पायजे आणि लागण कवा हाय?" समोरच्याला वाटायचं, बाईनं हाकललं. फोन वाजला की ती आधी मनात वाक्य जुळवायची, मग उचलायची. लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की ती कान दाबून मागच्या अंगाला जाऊन बसायची. आणि तरीही ती चहा करायची, फोन उचलायची, लग्नांना जायची. दिवसभर हे सगळं करून रात्री तिच्या अंगात उभं राहायचं त्राण नसायचं, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

गेल्या आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या ऊसलागणीच्या हंगामात ऐन गर्दीत एका दुपारी ती सामानाच्या खोलीत जाऊन बसली ती उठलीच नाही. बोलायला गेली तर शब्दच येईनात. आठवडाभर तिनं उजेड सोसला नाही. तेवढ्यात धाकटा दीर दादासो रोपवाटिकेच्या ऑफिसात तिच्या खुर्चीत येऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "वैनीच्या डोक्यावर परिणाम झालाय." ती बरी होऊन आली, पण दादासो काही उठला नाही. "तुमी आत रोपं बघा, माणसं मी बघतो," म्हणाला. त्यानं माणसं अशी बघितली, की कुणाला नाही म्हणवेना म्हणून कोवळी रोपं ट्रॅक्टरात भरून दिली. ती शेतात मान टाकून मेली आणि बोंब झाली ती अंजनाच्या नावानं. वेडीच्या हातची रोपं, दुसरं काय होणार.

यंदा तो भावाच्या मागं लागला होता, की हंगामाआधी रोपवाटिका माझ्याकडं दे. जून महिन्यात जोतीराम सुट्टीवर आला, की फैसला व्हायचा होता.

जोतीरामनं मात्र वेगळंच काही बघितलं होतं. त्याच्या पलटणीतल्या एका साहेबांचा मुलगा परेडचा बँड वाजला की कान दाबून बसायचा, ठरल्या वाटेनंच शाळेत जायचा, आणि साहेब सगळ्यांना शांतपणे सांगायचे, त्याला ऑटिझम आहे, त्याला जरा वेळ द्या. जोतीरामनं बायकोला मेसेज केला. तिला फोन आवडत नाही हे ओळखणारा तो घरातला एकटाच. "ह्या पोराकडं बघितलं की मला तू दिसतीस. एकदा डॉक्टरला विचारून बघ. काय निघंल त्ये निघू दे." तिनं त्या विषयावरचं मिळेल ते वाचून काढलं. वाचता वाचता तिला रडू आलं, कारण आजवर तिला जो स्वभावाचा दोष म्हणून ऐकवला गेला, तो तिथं कुणीतरी दोष न म्हणता लिहिला होता.

पण वाचून काय उपयोग? दादासोपुढं आणि गावापुढं डॉक्टरचा शब्द हवा. आणि स्वतःलाही तो हवाच होता.

ती साताऱ्याला गेली. दवाखान्यात भिंतीवर फुलपाखरं, बसायला बुटक्या खुर्च्या. डॉक्टरांनी तिच्या मागं बघितलं आणि विचारलं, "पेशंट कुठंय?"

"मीच."

डॉक्टर हसले. "अहो ताई, हे लहान मुलांचं असतं. तुमचं लग्न झालंय, धंदा करताय, माझ्याशी नीट बोलताय. मग कसला ऑटिझम?"

म्हणजे तिथं आलेली पोरं मोठी झाली की त्यांचं हे जातं कुठं? वयात आल्यावर दुधाचे दात पडावेत तसं ते पडून जातं काय? आणि बाईचं लग्न झालं म्हणजे तिचं सगळं बरंच असलं पाहिजे, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? अंजनानं पिशवी उचलली. तिथून तिला दुसऱ्या डॉक्टरांकडं धाडलं. त्यांनी मान वर न करता झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि एखादा छंद जोपासा असं सांगितलं. हंगाम तोंडावर, दीर खुर्चीत, आणि हिनं छंद जोपासायचा.

शेवटी सांगलीत एक डॉक्टरीणबाई सापडल्या. त्या मोठ्या माणसांचीही तपासणी करायच्या. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. तुम्हाला लहानपणापासून पाहिलेलं माणूस घेऊन या. हे जन्मापासूनचं असतं, बालपण कळल्याशिवाय मी काही ठरवू शकत नाही.

तसं माणूस एकच होतं. अंजनाचे वडील विट्याच्या शेकडो माणसांसारखे गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायचं दुकान घालून तामिळनाडूत राहिलेले. ते जत्रेपुरते घरी यायचे. लेक कशी वाढली हे ठाऊक होतं ते फक्त आईला, बनुबाईला. अंजनानं तिला सगळं समजावून सांगितलं, आणि बनुबाई ठेवणीतलं इरकल नेसून विट्याहून सांगलीला आली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोलायला कधी लागली?"

"वेळंवरच की. उलट जरा लवकरच."

"इतर मुलांत खेळायची का?"

"आवं, सगळ्या गल्लीची लाडकी. चार माणसांत मिसळून राहणारी पोर हाय माझी."

"कुठल्या आवाजाचा, कपड्याचा त्रास? खाण्याचे हट्ट?"

"छ्या. दिलं त्ये नेसली, वाढलं त्ये खाल्लं. स्वयंपाक येतोय, शिवणटिपण येतंय. मोठ्या माणसाला उलट बोलणं तिला ठावं न्हाई."

अंजना शेजारी बसून ऐकत होती. ही वाक्यं तिनं ऐकली होती. याच क्रमानं, याच हसऱ्या आवाजात, विट्याच्या घरी सोप्यात, तिला बघायला पाहुणे आले की. आई इथं डॉक्टरपुढं बसलीच नव्हती. ती मुलाकडच्या मंडळींपुढं बसली होती.

आणि आईला कशाला बोल लावायचा? साताऱ्याला ती स्वतः तरी दुसरं काय करून आली होती? पहिली स्थळं परत गेली तेव्हा आईनं तिला स्वयंपाकघरात पाटावर बसवून तयार केलं होतं. पाहुण्यांच्या दोन भुवयांच्या मधी कुंकू हाय असं समज आणि तितं बघ, म्हंजे डोळ्यात बघितल्यासारखं वाटतंय. त्यांनी हसलं की तू हस. उत्तर दिलं की गप बस. त्या शिकवणीवर लग्न जमलं, धंदा चालला. आणि त्याच शिकवणीवर साताऱ्याच्या डॉक्टरांनी, नीट बोलताय की, असं म्हणून तिला घरी पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "आई सांगतात त्यावरून बालपणी काहीच वेगळं दिसत नाही. अशा वेळी मला ऑटिझम म्हणता येणार नाही. माफ करा."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर अंजना भिंतीला टेकली. हंगाम गेला, रोपवाटिका गेली, आणि उरलेल्या जन्मात ती तुसडी ती तुसडीच. आयुष्यात पहिल्यांदा ती आईवर ओरडली.

"आये, तू माझं स्थळ जमवाया आली हुतीस व्हय?"

बनुबाईचा चेहरा पडला. "मग काय सांगू? परक्या माणसाफुडं पोटच्या लेकीचं उणं काढू?"

"उणं न्हाई गं त्ये. खरं हाय. माझं खरं तुझ्याशिवाय कुणालाच म्हाईत न्हाई आणि त्येच तू झाकून ठिवलंस. त्यो दादासो माझं सगळं घिऊन चाललाय, कळतंय का तुला?"

बनुबाई बाकावर बसली. तिनं पदराचा काठ मुठीत धरला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तू चार वर्सांची झालीस तरी बोलत नव्हतीस. तुझी आज्जी म्हणायची, मुकी पोर जल्माला घातली, ह्या सुनंला म्हायेरी लावून द्या. तुझा बा तिकडं लांब. मी कुणाला सांगणार? कोण आलं-गेलं की तुला मागल्या खोलीत ठिवायची, झोपलीय म्हणायची. दिवाळीचं नवं झंपर अंगाला लागलं की तू वरडून फाडायचीस, आणि मी मारून मारून घालायची. तवापास्नं झाकतीया मी. आता झाकायची सवय मोडत न्हाई."

अंजनाला आईचा राग होता, तो तसाच राहिला. पण आता तो एकट्या आईवर मावेना. जिला नांदायचं असेल तर लेकीला झाकावं लागतं अशी बाई खोटं नाही बोलणार तर काय करणार? आणि ते खोटं बोलायला लावणारे सगळे खुशाल घरी जेवून झोपलेले.

दवाखान्यात नंबर लावणाऱ्या मुलीनं सांगितलं, आता पुढची वेळ दोन महिन्यांनी मिळेल. बनुबाई म्हणाली, "मी हितंच बसती. बाईस्नी सांगा, मगाशी म्या खोटं सांगितलंय." आणि शेवटचा पेशंट जाईपर्यंत ती जागची हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना परत आत घेतलं. या वेळी बनुबाई हसली नाही. अडखळत, मधेच डोळे पुसत तिनं सगळं सांगितलं. त्यानंतर अंजनाला आणखी दोनदा बोलावून तपासण्या झाल्या. शेवटच्या खेपेला बनुबाईही बरोबर होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला ऑटिझम आहे. तुम्ही वेड्या नाही आणि कधीच नव्हता. इतकी वर्षं स्वतःला लपवून तुम्ही थकून गेला होता, म्हणून गेल्या वर्षी तसं झालं. कामाची पद्धत तुम्हाला सोसेल अशी बदला."

अंजनाला हायसं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला, की परतीच्या एसटीत तिला एका जागी बसवेना. चाळीशीला आल्यावर हे कळलं. शाळेत मास्तरांनी उभं केलं तेव्हा नाही, लग्नात सासूनं नाक मुरडलं तेव्हा नाही. त्या दिवशी बनुबाईनं विट्याची गाडी सोडली आणि ती लेकीबरोबर पाटणला आली.

जोतीराम सुट्टीवर आला होता. दोघे भाऊ ऑफिसात बसले होते. अंजनानं जे निघालं ते तिथंच सांगितलं. दादासोनं ऐकून घेतलं आणि भावाकडं वळून म्हणाला, "झालं की मग. मी वर्सभर हेच बोंबलतोय. आता डॉक्टरच म्हणतोय. असल्या बाईच्या हातात धंदा ठिवायचा का, तूच सांग. आणि हे आमास्नी लग्नाच्या टायमाला का सांगितलं न्हाई? फसवणूकच झाली की ही."

लेकीच्या सासरी आईनं मान खाली घालून बसायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं, अशी आमच्याकडं रीत. लग्न झाल्यापासून बनुबाईनं त्या घरात आवाज चढवला नव्हता. ती दारातनं आत आली.

"दादासो, फसवलं त्ये मी फसवलं. पोर बघाया आला तवा म्या खोटं सांगितलं, ही चांगली बोलती, माणसांत मिसळती म्हणून. त्ये खोटंच हुतं. जे बोल लावायचं त्ये मला लावा. पण ह्या पडीक जाग्यावर रोपं कुणी उगवली, त्ये काय म्या सांगितलं नव्हतं. त्ये तुमी डोळ्यानं बघितलंय."

दादासो जोतीरामकडं बघू लागला. जोतीराम म्हणाला, "माझ्याकडं काय बघतोस रं? धंदा तिचा हाय. तिला इच्यार."

अंजना टेबलाच्या अलीकडं उभी होती. तिनं दिराच्या चेहऱ्याकडं बघायचा प्रयत्न केला नाही. ती बाहेर ट्रेंकडं बघत बोलली, आणि तिचा आवाज स्थिर होता.

"भावजी, तुमास्नी बोलाया आवडतंय. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम तुमी करा, मी पगार देती. फोन तुमी घ्यायचा. रोपं कवा द्यायची त्ये मी ठरवणार. कोवळं रोप हितनं परत कुणाला गेलं, तर तुमी बी गेला. पटत असंल तर ऱ्हावा."

"म्हंजे आता मी तुमच्या हाताखाली?"

"व्हय," अंजना म्हणाली. "आता उठा, मला बसायचं हाय."