सुतार मोठा की सासुरवाशीण

फोरमनमामांनी कधी कुठल्या गिटारवाल्याचं खरं नाव घेतलं नाही. इंग्रजी नावं त्यांना जमत नव्हती असं नाही, कारखान्यातल्या यंत्रांचे सगळे भाग ते इंग्रजीतूनच सांगत. पण ज्याच्यावरून भांडायचं तो माणूस आपल्या ओळखीचा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खुर्चीवर बसून, कुणाकडे न बघता वाजवणारा तो ‘तहसीलदार’. एकेक सूर रंधा मारून गुळगुळीत करणारा तो ‘सुतार’. आणि दोन सूर वाजवून थांबणारा, मागे वळून बघितल्यासारखं करून मग तिसरा वाजवणारा, ती ‘सासुरवाशीण’. तिघेही दाढीमिशीवाले गोरे पुरुष, पण तिसऱ्याला मामांच्या घरात कायम ‘ती’च म्हणत. मीही इथे हीच नावं वापरते. खऱ्या नावांनी हा वाद आम्ही कधी घातलाच नाही.

मामा नांदेडकडचे, माझ्या आईच्या गावचे. त्या नात्याने मामा. कुकटपल्लीला पत्रा दाबायच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि राहायला नल्लकुंट्यात. मी कॉलेजसाठी हैदराबादला आले तेव्हा आईने बजावलं होतं, पहिल्या रविवारी जाऊन जयभीम करून ये. गेले, तर दारापर्यंत गिटार आणि ड्रम्सचा दणका ऐकू येत होता. आत लुंगी-बनियनवर बसलेले मामा डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत होते. मामींनी मला खुणेनेच बसायला सांगितलं. वीस मिनिटं कुणी माझ्याशी बोललं नाही. मला वाटलं, हे घर आपल्याला झेपणार नाही.

परदेशातून कारखान्यात प्रेस बसवायला आलेला एक फिटर जाताना प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कॅसेटची पिशवी मामांकडे विसरला होता. तिथून हे खूळ. मामांचे वडील गायन पार्टीत भीमगीतं गायचे आणि मामा लहानपणापासून त्यांच्या मागे ढोलकीवर, त्यामुळे ताल अंगात होताच. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नक्की काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “गाणं ईस मिनिटं चालतं. मधी चार डाव ताल बदलतो. आन् गाणारा बराच वेळ च्या प्यायला गेलेला असतो.” इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुठे सापडली नाही.

रविवारच्या बैठकीला एक कडक नियम होता. ज्याला एखाद्या गिटारवाल्याची बाजू घ्यायची असेल, त्याने आधी तो तुकडा सुरू असताना बोटांवर मात्रा मोजून दाखवायच्या. कधी सात, कधी पाच, मध्येच अकरा. “बोट चुकलं की तोंड बंद,” असं मामा म्हणत. ज्याचं बोट चुकेल त्याने त्या दिवशी वादात बोलायचं नाही, उठून सगळ्यांचा चहा करायचा. पहिलं वर्षभर मी मामींच्या स्वयंपाकघरातच होते. चहा मात्र फर्मास करायला शिकले.

बैठकीत तिसरे हबीबभाई. अफझलगंजात त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान, आणि गिटार स्वतः वाजवायचे, तेही झकास. ते तहसीलदाराच्या पक्षाचे. “उनो बैठा तो सब खड़े हो जाते,” एवढंच त्यांचं समर्थन. मामा सुताराचे. मी सासुरवाशिणीची. आठ वर्षं आम्ही तिघं आपापल्या जागेवरून हललो नाही. मामींना त्यातलं काही आवडत नसे, पण वाद तापला की त्या दारात येऊन उभ्या राहत आणि माझ्या बाजूने मान हलवत. “तुझ्या बाईला शेवट येत न्हाई,” असं मामा मला सुनवायचे. “सगळं छान करती आन् शेवटाला पदर सावरत निघून जाती. सुताराचा शेवट बग, खिळा ठोकल्यावानी.” मी चिडायचे. ज्या शेवटावर माझा जीव होता, तोच त्यांना दिसत नाही याचा मला फार राग यायचा.

मामांचा कान ही कारखान्यात दंतकथा होती. प्रेसचा ठोका ऐकून ते सांगत की साच्याला आत केसाएवढी भेग गेली आहे, आणि उघडून बघितलं की खरंच गेलेली असे. बाकीचे कामगार कानात बोळे घालत, मामांनी कधी घातले नाहीत. “कान झाकला तर मशीन काय बोलती ते कसं कळंल?” अशी एकतीस वर्षं त्यांनी उघड्या कानांनी काढली. कारखान्याला त्याचा फायदा झाला. मामांचं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला. बैठकीत डोळे मिटून बसणारे मामा आता डोळे उघडे ठेवून हबीबभाईंच्या पायाकडे बघत बसत. मी हे सगळं पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. मला एवढंच दिसत होतं की म्हातारा दिवसेंदिवस हट्टी होत चाललाय, आणि माझ्या बाईला जास्तच नावं ठेवतोय.

म्हणून मी एक डाव रचला. सासुरवाशिणीची एक जुनी, फारशी कुणी न ऐकलेली मैफल मला मिळाली होती. ती लावली आणि सांगितलं, हा सुतार आहे. मामांनी स्तुती केली की खरं सांगायचं आणि आठ वर्षांचा हिशेब चुकता करायचा, एवढाच माझा बेत. त्या तुकड्याच्या शेवटी ड्रम्स थांबतात, बास थांबतो आणि एकटी गिटार वर वर जात दीड-दोन मिनिटं हळू वाजत राहते.

मामा बरोबर मोजत होते. ड्रम्स थांबले तशी त्यांनी बोटं मिटली, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, “सुतारच. बग, कसा बेतानं संपवला.”

गिटार अजून वाजत होती.

हबीबभाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नको म्हणून. मला ती खूण कळली होती. तरी मी बोलले. जिंकायची इतकी घाई झाली होती की जीभ आवरली नाही. मोठ्याने, स्पीकरच्या आवाजावरूनही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “मामा, तो सुतार नाही. आणि गाणं अजून संपलेलंही नाही.”

मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. “चालू हाय?” त्यांनी हबीबभाईंना विचारलं. हबीबभाई खाली बघत “हौ मामू” म्हणाले. मामांनी पुढे होऊन स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढला. मग “बोट चुकलं,” असं म्हणून ते उठले आणि चहा करायला आत गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या दिवशी माझ्याकडे बघून मान हलवली नाही.

जिना उतरताना मी हबीबभाईंना म्हटलं, मला खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले, “हमकू मालूम था. दो साल से. मैं पाँव से ताल देता, उनो देखके गिनते. मामी कू भी मालूम था. आपकूच नै मालूम.” त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी गेले नाही. पुढच्या रविवारी लाजेने नाही गेले, त्याच्या पुढच्या रविवारी आधी न गेल्याच्या लाजेने. मग लांब कुकटपल्लीत नवी नोकरी लागली आणि कारणांना तोटा राहिला नाही. महिन्यातून एकदा मामींचा फोन यायचा. मामांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून ते शेजारी बसून मामींकडून निरोप सांगत. निरोप दर वेळी एकच. “मामा म्हणतायत, तुझ्या बाईला शेवट येत न्हाई.” मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या मनातून ते जात नाही. अजून डागण्या देतायत. “काम आहे मामी, बघते,” म्हणून मी फोन ठेवायचे. तोंड दाखवायचा धीर होत नव्हता, हे खरं.

पुढच्या वर्षी मामा गेले. झोपेतच गेले. मी त्यांच्या घरी पोचले, मामींच्या गळ्यात पडून रडले, पण रडताना आपण चोर आहोत असंच वाटत होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी अफझलगंजात हबीबभाईंच्या दुकानावर गेले. एका गिटारीची मान चिकटवत ते बसले होते. मी म्हटलं, मामा शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेलेच राहिले.

हबीबभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. “किसने बोला?” मग त्यांनी सांगितलं. त्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशीच मामा बस बदलत एकटे या दुकानात आले होते. म्हणाले, त्या पोरीच्या बाईचा शेवट मला ऐकायचाय. वरचे सूर त्यांच्या कानात शिरत नव्हते, पण खालचे अजून शिरत होते. मग हबीबभाईंनी तो सगळा शेवट जाड तारांवर, खालच्या पट्टीत उतरवला आणि मामांच्या कानाशी गिटार धरून वाजवला. मामांनी तो सहा वेळा वाजवायला लावला. सहाही वेळा बोटांवर मोजला.

“फिर बोले, हबीब, मैं गलत था. पोरी की वाली बड़ी है. सुतार से भी, तेरे तहसीलदार से भी.”

“मग हे मला कुणी का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“मैं बोला ना उनकू, फोन करके बोल देते. उनो बोले, नक्को.” हबीबभाई चष्मा पुसत राहिले. “बोले, उसकू मत बोल. जीत गई तो आना छोड़ देगी.”

दुकानाबाहेर हातगाड्या चालल्या होत्या. मी स्टुलावर बसून राहिले. दर महिन्याला येणारा तो निरोप म्हणजे मला बोलावणं होतं. मामांना माझ्याशी भांडायचं होतं, आणि त्यासाठी ते हरलेला वाद उराशी धरून बसले होते. आणि मी, न जिंकताच जायचं सोडलं होतं.