उजव्या सीटवरचे सर

लातूरच्या बाहेर माळावर एक फ्लाइंग स्कूल आहे. तिथल्या छोट्या विमानात डावीकडे शिकणारा बसतो आणि उजवीकडे शिकवणारा. गेली कित्येक वर्षं उजवीकडे शिवशंकर सर बसत आलेत. पोरगं तयार झालं असं वाटलं की सर एक दिवस अचानक विमान कडेला थांबवायला लावतात, पट्टा सोडतात आणि उतरता उतरता सांगतात, "आता एकट्यानं जायचं. मी उतरलो की विमान हलकं होतं, लवकर उठतं. घाबरायचं न्हाई." सर अंगानं चांगलेच भरलेले, त्यामुळे या बोलण्यावर कुणी कधी शंका बोलून दाखवली नाही.

लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नसतं, हे पोरांच्या आईबापांना फार उशिरा कळतं. कंपनीचं मोठं विमान चालवायचं तर त्या जातीच्या विमानाचं शिक्षण पुन्हा वेगळं घ्यावं लागतं, आणि त्याचा खर्च ऐकून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. कोणती कंपनी तो खर्च तुमच्याच गळ्यात मारते, कोणती स्वतः करून वर्षानुवर्षं बांधून ठेवते, कुणाचा पगार वेळेवर होतो, हे सगळं सरांना तोंडपाठ. जाण्याआधी जो तो त्यांच्यासमोर येऊन बसायचा. सर त्याला मार्गी लावायचे. पहिल्या दिवाळीला त्याचा फोन यायचा, पुढच्या दिवाळीला नुसता मेसेज. नंतर सर त्याचा गणवेशातला फोटो मोबाइलवर बघायचे. पोरांचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

मग सर स्वतः का गेले नाहीत? निवड त्यांचीही झाली होती. शिक्षणाचा खर्च कंपनी करणार म्हणून त्यांनी दुसरीकडची नोकरी नाकारली, आणि रुजू व्हायच्या आतच ती कंपनी बंद पडली. तेव्हाच्या इन्स्ट्रक्टरनी समजूत काढली, इथंच शिकव, उड्डाणाचे तास वाढतील, मग बघू. तास वाढले, वयही वाढलं. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे विचारायचे, विमान चालवतात हे ठीक, पण कंपनी कोणती? त्या एका प्रश्नावर बरीच स्थळं फिसकटली. पुढे सरांनी तो विषयच काढू दिला नाही.

लातूरजवळच्या मुरुडला त्यांची आई, साखराबाई. सरावाचं विमान गावावरून गेलं की ती गच्चीवर जाऊन पदर हलवायची. संध्याकाळी फोनवर एकच चौकशी, "आज संगं कोण होतं?" सर नाव सांगायचे. मायलेकांचं बोलणं बहुतेक एवढ्यावरच संपायचं.

गेलं वर्षभर ते नाव बहुधा लुंबिनीचं असायचं. नांदेडकडच्या लोह्याची पोरगी, वडील मारोती तलाठी. बोलायला कमी, पण प्रश्न विचारायला लागली की पिच्छा सोडायची नाही. उड्डाण संपलं की कॅन्टीनमध्ये सरांसमोर बसून चहा गार होईपर्यंत वाद घालायची. आपल्यासमोर रोज कुणीतरी बसतं, याची सरांना सवय झाली. त्या वयात अशी सवय लागणं वाईटच.

लुंबिनीचं लायसन्स झालं तेव्हा तिला दोन कंपन्यांकडून बोलावणं आलं. एक मोठी, पण शिक्षणाचा खर्च तिचा तिने करायचा. दुसरी लहान, पंख्याची विमानं चालवणारी. ती खर्च करणार, पण पाच वर्षं सोडणार नव्हती. शिवाय स्कूलचे मालक म्हणत होते, इथंच शिकवायला थांब.

"सर, मी लई विचार करून राहिले, पण काही सुचंना," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं."

सरांना उत्तर माहीत होतं. दुसऱ्या कुणाला त्यांनी ते चहा यायच्या आत सांगितलं असतं. पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं, "थांब इथंच. तास वाढतील, मग बघू."

लुंबिनीचा जीव भांड्यात पडला. मनातून तीही भ्यायलेलीच होती. सर त्या दिवशी खूश होते, खोलीवर जाऊन त्यांनी चक्क गाणं गुणगुणलं. रात्री मात्र हे वाक्य आपल्याला पूर्वी कुणी ऐकवलं होतं ते त्यांना आठवलं, आणि लाज वाटली.

दोन दिवसांनी ऋतुजा नावाच्या नव्या मुलीची एकटीने उडण्याची पाळी होती. सरांनी विमान थांबवायला लावलं, नेहमीचं वाक्य बोलून उतरले आणि कडेला येऊन उभे राहिले. लुंबिनी तिथंच होती. विमान धावलं आणि निम्म्या धावपट्टीच्या आतच सुटून वर गेलं.

"खरंच लवकर उठतं की सर," लुंबिनी म्हणाली. "माझ्या वेळंला मला वाटलं, तुम्ही उगं धीर द्यायला बोललाव."

सर विमान वळेपर्यंत वर बघत राहिले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "त्या लहान कंपनीला होकार कळव. आजच. घरादारावर बोजा न्हाई आन् काम पक्कं. पाच वर्षं बांधून ठेवतेत तर ठेवू दे, शिकशील तरी."

"परवा तर थांब म्हणाला होताव."

"परवा मी माझं बघितलं."

तिने विचारलं, "आन् इथं कोण शिकवंल?"

"इथं मी हाय की."

लुंबिनी गेली. निघताना पाया पडू लागली तर सरांनी अडवलं आणि रोज रात्री फोन करायची गरज नाही असं सांगितलं. तिने तसा फोन केलाही नाही. कॅन्टीनवाला आठवडाभर दोन चहा आणत राहिला, मग त्याच्याही लक्षात आलं.

एकदा दुरुस्तीहून आलेलं विमान तपासायचं होतं. सर सवयीने उजव्या दाराशी गेले, मग वळसा घालून डावीकडे येऊन बसले. शेजारची सीट मोकळी होती, आणि विमान फार लवकर उठलं. सरांना एकदम भरून आलं. पोरांना ते जे सांगत आले होते ते त्यांनी स्वतः कितीतरी वर्षांत अनुभवलं नव्हतं. मुरुडवर त्यांनी एक घिरटी जास्तीची घातली. खाली गच्चीवर पदर हलत असणार, एवढ्या उंचावरून तो काही दिसत नाही.

संध्याकाळी साखराबाईचा फोन आला. "आज संगं कोण होतं?"

"कोणी नव्हतं, माय."

"म्हंजी इमान रिकामंच आणलंस व्हय?"

"हाव," सर म्हणाले, "रिकामंच होतं."