दगडाच्या तळाशी लिहिलेला नंबर

एका जिवंत बाईला मी कागदावर मारून ठेवलं होतं, आणि त्याच कामाबद्दल शिकागोत माझं कौतुक व्हायचं होतं.

फ्रिस्कोहून, म्हणजे अमेरिकेतल्या मुलाच्या घरून, विमानात बसलो तेव्हा यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. अलिबागजवळच्या आमच्या गावात बेने इस्रायली (कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू) लोकांची जुनी दफनभूमी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथल्या दगडांचे फोटो काढायचो आणि मजकूर उतरवून शिकागोच्या हन्नामावशींना पाठवायचो. मूळच्या त्या आमच्याच गावच्या. माझ्या याद्यांवरून त्यांनी घराण्याघराण्यांच्या वंशावळी जुळवल्या आणि जगभर पांगलेल्या कितीतरी लोकांना आपले पणजोबा सापडले. ज्यू वंशावळींच्या अभ्यासकांच्या संमेलनात त्याबद्दल त्यांचा मोठा सन्मान होता. मदतनीस म्हणून मलाही एक प्रशस्तिपत्र होतं. तीस वर्षं पोरांच्या चुका काढणाऱ्या माणसाला ते किती चढलं असेल, बघा!

मावशी एक्क्याऐंशीच्या. विमानतळावर गाडी घेऊन स्वतः आल्या. मी सवयीने पुढचं डावं दार उघडलं.

"मास्तर, तुम्ही चालवताय का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

वाटेत डेव्हन ॲव्हेन्यूवर थांबलो. एकीकडे साड्या, मिठाया, डाळींची पोती. तोच रस्ता पश्चिमेकडे चालत गेलं की हिब्रू पाट्यांच्या बेकऱ्या. "माझी दोन्ही माहेरं एकाच बसच्या रूटवर," मावशी म्हणाल्या. जाडे पोहे घेतले, नारळ हलवून हलवून घेतला. समारंभानंतर घरी मलिदा करायचा होता (गोड पोहे, ओलं खोबरं नि फळांचं ताट, आनंदाच्या प्रसंगी देवाचे आभार मानायला मांडतात).

"आणि सारासाठी दिवा लावायचाय," त्या म्हणाल्या. सारा त्यांची चुलत बहीण. दोघी एका घरात, एका पांघरुणात वाढल्या. लग्न होऊन सारा इस्रायलला गेली, मावशी इकडे आल्या, पत्ते बदलत गेले आणि पत्रं थांबली. "इतकी वर्षं शोधली. शेवटी तुमच्या यादीत सापडली, नवऱ्याच्या शेजारी. निदान कळलं तरी."

मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. आतून मात्र स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातल्या सभागृहात तयारी चालली होती. मावशींना भाषणात साराला श्रद्धांजली वाहायची होती, म्हणून त्यांनी तोच दगड पडद्यासाठी निवडला होता. संयोजक बाई म्हणाल्या, मूळ, न कापलेला फोटो द्या. मी फोनमधून दिला आणि तो भिंतभर उमटला.

इथे एक कबुली द्यायला हवी. कोकणात दगड घडवणारा कारागीर तळाशी आपलं नाव नि मोबाइल नंबर कोरून ठेवतो. पवित्र जागी जाहिरात कसली, म्हणून मी प्रत्येक फोटोचा तळ कापून टाकायचो. मजकूरही त्या कापलेल्या फोटोवरूनच घरी बसून उतरवायचो. या दगडावर माझी कात्री 'बेंजामिन यांच्या स्मरणार्थ – पत्नी सारा' इथे चालली होती. भिंतीवर आता पुढची ओळ हातभर उंच अक्षरांत दिसत होती : 'हिने हा दगड बसविला.'

म्हणजे नुसतं नाव वाचून मी तिलाही नवऱ्यासोबत गेलेल्यांत धरलं होतं. समारंभ चार तासांवर होता. गप्प बसलो असतो तर त्या सभागृहात मराठी वाचणारं दुसरं कोण होतं? एकच, आणि ती पुढच्या रांगेत भाषण वाचत बसली होती.

"मावशी, माझं चुकलंय."

"किती?"

"एका माणसाइतकं."

त्यांनी चष्मा वर करून भिंत वाचली. पुन्हा वाचली. खुर्चीचा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "खाली नंबर आहे ना? लावा."

अलिबागेत रात्रीच्या जेवणाची वेळ होती. कारागीर बाळाराम घास चावतच बोलला. "कोण, साराकाकी? अहो, ती कशाला मरते! नवरा गावी आला होता तेव्हा गेला, म्हणून त्याचा दगड इथे. मागच्याच आठवड्यात इस्रायलवरून झापलंन मला, अक्षरांतला काळा रंग उडाला म्हणून. घ्या नंबर."

मावशींनी स्वतः फोन लावला. बोट दोनदा चुकलं.

"सारे, मी हनी."

"कुठली हनी?"

"तुझी रिबीन विहिरीत टाकणारी."

पलीकडून एक खरखरीत आवाज आला, "नवी होती ती, मेले!"

मावशी हसायला लागल्या, आणि रडू कधी सुरू झालं ते त्यांनाही कळलं नसावं. संयोजक बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या डोळे पुसत होत्या.

दुपारी मावशींचं नाव पुकारलं. व्यासपीठावर जाऊन त्यांनी आधीचं भाषण घडी करून पर्समध्ये टाकलं आणि सगळी हकिकत सांगितली, माझ्या कात्रीसकट. मग व्हिडिओ कॉलवरून भिंतीवर सारामावशी आल्या : पांढरे केस, फुलाफुलांचा गाऊन, मागे गॅसवर कुकर. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. आयुष्यभर मेलेल्यांची नावं जमवणारी ती माणसं. कुणी जिवंत सापडलं की काय होतं त्यांचं, ते मी पाहिलं. त्या टाळ्यांत मला प्रशस्तिपत्र दिलं गेलं, आणि खरं सांगतो, ते घेताना जेवढी लाज वाटली तेवढाच आनंदही झाला. त्या रात्री मलिद्याची दोन ताटं मी एकट्याने संपवली.

आता गावी परतलोय. सगळे दगड पुन्हा टिपतोय, तळापर्यंत, बाळारामच्या नंबरासकट. वंशावळ ही गेलेल्यांची यादी, असं इतकी वर्षं समजत होतो. उरलेल्यांना हाक मारायलाही ती लागते, हे शिकायला मला शिकागोपर्यंत जावं लागलं.

पुढच्या महिन्यात हन्नामावशी बहिणीकडे इस्रायलला निघाल्यात. परवा सारामावशींचा फोन आला, तेव्हा मी लाडात येऊन विचारलं, "मीही येऊ का?"

"ये की," त्या म्हणाल्या. "चार दिवस राहा, मासे खा. पण माझ्याबद्दल काही लिहायचं नाही हां, मास्तर. तुझ्या हाताला गुण नाही."